टवक्यासकट दात

भालूकाका वैशंपायन माणसाकडे पहिल्यांदा बघायचे ते थेट त्याच्या दातांकडे. नाव, गाव, नोकरी, आडनावाची शाखा हे सगळं मागाहून. इंदूरच्या राजेंद्र नगरात त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने बघायला मी गेले, तेव्हा मी साताऱ्याची आहे, इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले आहे, एकटी आहे, घरात आरडाओरडा करत नाही, अशी सगळी माहिती पाठ करून गेले होते. काकांनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. झोपाळ्यावर बसल्या बसल्या मान तिरकी करून ते म्हणाले, "मॅडमजी, जरा हसा बरं."

मी घाबरून हसले.

"डावीकडची दाढ दुखते तुमची. ब्रश करता ना?"

"हो."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि आत तोंड करून हाक मारली, "मालती, चाय टाक. मॅडम राहतील वर."

माझी डावीकडची दाढ खरोखरच दुखत होती. एवढा जाणता माणूस घरमालक म्हणून मिळतोय म्हटल्यावर मी पाण्याची टाकीसुद्धा न बघता घर घेतलं. काका येणाऱ्या प्रत्येकाला डावीकडचीच दाढ सांगतात आणि निम्म्या वेळा ती दुखत असते, हे मला पुढे कळलं.

काका वीजखात्यातून निवृत्त झालेले. सत्तरीला टेकलेले, पण बत्तीशी शाबूत. अंगणातल्या कडुलिंबाची दातुणं तोडून सकाळी पुढच्या पायरीवर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दर्शन द्यायचं, हा त्यांचा नेम. टूथब्रशचा त्यांना मनापासून राग होता. "बुरूश घोड्याला करतात, भिया, माणसाला नाही." घोड्याचा अधिकार त्यांच्याकडे पिढीजात आला होता. त्यांचे आजोबा संस्थानाच्या काळात पागेवर होते आणि घोड्याचे दात बघून त्याचं वय सांगायचे. तेच आजोबा नव्वदाव्या वर्षी अख्खी सुपारी दाताने फोडायचे. "आमच्या घराण्यात माणसं जातात, दात जात नाहीत," असं काका सांगायचे. आजोबांना अग्नी दिल्यानंतर काय काय शिल्लक होतं, याचंही एक वर्णन त्यांच्याकडे होतं, पण ते काकू पुरं करू देत नसत.

हे दात त्यांनी शोभेला ठेवलेले नव्हते. गल्लीतल्या सोड्याच्या बाटल्या त्यांच्याकडे उघडायला यायच्या. सुतळीच्या गाठी, अक्रोड, पिशव्यांची अडकलेली चेन, सगळं. नोकरीत असताना तारेवरचं रबर ते दाताने सोलायचे आणि पक्कड पिशवीत झोपलेली असायची. वरच्या पुढच्या दाताला त्यातूनच एक अर्धगोल टवका पडलेला होता. तो टवका ते पदकासारखा दाखवायचे. "तार चालू होती," असंही सांगायचे. चालू तार दाताने सोलणारा माणूस समोर जिवंत कसा बसला आहे, असा प्रश्न मी एकदा विचारला. रसायनशास्त्रवाल्यांना विजेतलं कळत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

या दातांपायी सगळ्यात जास्त सोसलं ते समोरच्या देशपांड्यांनी. देशपांडे बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ, आणि त्यांना पूर्ण कवळी. ते फाटकाशी दिसले की काका इकडून विचारणार, "काय देशपांडे, रात्री ग्लासात कोण झोपलं होतं?" गणपतीत प्रसादाला चिक्की आली की, "देशपांड्यांना कुटून द्या रे." देशपांडे यावर नुसतं हसायचे, एकसारखं, पांढरंशुभ्र. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही कधी उलटून बोलत कसे नाही? ते म्हणाले, "काय करणार, आपलेच दात, आपलेच ओठ. त्यातून माझे तर दातही विकतचे."

काकांच्या दातांचा खरा सण मात्र वर्षातून एकदाच यायचा, तुळशीच्या लग्नाला. देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, जवळ आली की इंदूरच्या रस्त्यांवर उसाचे भारे येऊन पडतात. गल्लीचं तुळशीचं लग्न काकांच्या अंगणात लागायचं, वृंदावनाभोवती उसाचा मांडव करून. मंगलाष्टकं झाली की काका मांडवातला एक ऊस उपसायचे आणि शेंड्यापासून बुडख्यापर्यंत दाताने सोलायचे. साल तुटू द्यायची नाही, अशी पैज असायची. पोरं मांडी घालून बसायची, मोठी माणसं खुर्च्या ओढून. आणि सोललेल्या उसाचं पहिलं कांडं ते मोडून काकूंच्या हातात द्यायचे. लग्न झालं त्या वर्षापासूनची ही रीत. काकू लाजत नसत, काही बोलत नसत, कांडं घ्यायच्या आणि पदराआड खायच्या. एरवीही त्या कमीच बोलायच्या, कारण काकांच्या बोलण्यात शिरायला जागा सापडत नसे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना श्रावणाच्या तोंडावर एका रविवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे गेले होते. काका तिथे आधीच होते. पुढ्यात पोहे, वर शेव, कांदा, जिरावन मसाला, डाळिंबाचे दाणे, शेजारी जिलबी. तोंडात घास ठेवून ते पोहेवाल्याला सांगत होते की शेव पूर्वीसारखी कडक राहिली नाही, म्हणून नव्या पिढीचे दात ढिले झाले आहेत. मधेच ते थांबले. जबडा हळूहळू फिरला. पुन्हा एकदा चावून पाहिलं. मग त्यांनी तोंडातून काहीतरी काढून तळहातावर घेतलं. डाळिंबाचा दाणा समजून ते जे चावत होते, ते वेगळंच निघालं. त्याला अर्धगोल टवका होता, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

त्यांनी मूठ मिटली, रुमाल तोंडाला लावला, आणि अर्धी बशी तशीच टाकून निघाले. इंदूरचा माणूस पोह्यांची अर्धी बशी टाकून उठतो तेव्हा त्याच्या घरी काहीतरी वाईट घडलेलं असतं. पोहेवाला माझ्याकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने माझ्या दारावर टकटक झाली. काका रुमालातून बोलत होते. "मॅडमजी, तुम्ही बाहेरच्या. इथं तुमचं ना मायकं ना ससुराल. सांगाल कुणाला? म्हणून तुम्हालाच सांगतो. बात बाहेर जायला नको. मालतीलाही नाही. देशपांड्याला तर बिलकुल नाही."

मी म्हटलं, "काका, वय झालं की दात पडतो एखादा. त्यात काय एवढं?"

त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला, दात त्यात गुंडाळला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मग ते म्हणाले, "ऊस खाताना पडला असता तर सांगितलं असतं, मॅडम. अखरोट असता तरी सांगितलं असतं. पोह्यात पडला." आणि खरंच त्यांचे डोळे भरून आले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. माणसाचा अभिमान कुठे ठेवलेला असतो ते त्याचं त्याला ठाऊक. यांचा तिथे होता आणि तो रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला होता.

डेंटिस्ट शोधायचा तो राजेंद्र नगरापासून लांब, असं ठरलं. छत्रीबागेतल्या गल्लीत डॉक्टर मेघा नावाची एक तरुण, हसरी मुलगी दवाखाना चालवते असं माझ्या कॉलेजातून कळलं. मी स्कूटीवर पुढे आणि काका मागे, हेल्मेट घालून, काच खाली ओढून. तिथे पोचून काकांनी काच वर केली तर समोरच्या बाकावर त्यांच्या चुलतभावाची सासू बसलेली. इंदुरात मराठी माणसाला लपायला जागा नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

"अरे भालू, तू इकडं?"

काकांनी रुमालातून माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅडमची दाढ," ते म्हणाले.

त्या क्षणापासून मी दाढेची रोगी झाले. घरी गेल्यावर काकूंना तेच सांगण्यात आलं. छत्रीबागेच्या प्रत्येक फेरीला कारण म्हणून माझी दाढ पुढे केली जायची आणि संध्याकाळी काकू माझ्यासाठी मऊ खिचडी पाठवायच्या. गल्लीत मला बायका थांबवून विचारायच्या, "कशी आहे हो दाढ?" मी गाल धरून सांगायची, "आहे, चाललंय." देशपांडे तर लवंगेचं तेल घेऊन आले. ते देताना त्यांनी माझ्या गालाकडे न बघता काकांच्या खिडकीकडे पाहिलं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

डॉक्टर मेघाने काकांचं तोंड तपासलं. पडलेल्याच्या शेजारचाही एक दात हलत होता, तो काढावा लागला. मग हिरडी भरून यायला वेळ द्यायचा आणि नंतर ब्रिज. तिने कागदावर चित्र काढून समजावलं की दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि त्या टोप्यांना मधले दोन नवे दात जोडलेले असतील. चारांचा एक पूल.

काका चित्राकडे बघत राहिले. "बेटा, दोन पडले. बाजूच्यांनी काय बिगाडलं तुझं?"

"अंकलजी, उनके सहारे ही तो टिकेगा ना. नाहीतर काढ-घालवाला लावून देते, सस्ता पण आहे."

"काढ-घाल देशपांडे करतात," काका म्हणाले. "तू घास."

आता प्रश्न होता मधल्या दिवसांचा. पुढे एवढं भगदाड घेऊन बोलायचं कसं? मी मास्क सुचवला, धुळीचा त्रास होतो म्हणून सांगा म्हटलं. काका चवताळले. देशातलं सगळ्यात साफ शहर म्हणून ज्या गावाचं नाव घेतात, तिथे धूळ आहे असं त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, दात असोत वा नसोत. शेवटी त्यांनीच तोड काढली. चातुर्मास सुरू होता. भालूकाकांनी मौन धरलं.

ही बातमी राजेंद्र नगरात पसरली तेव्हा लोक खात्री करून घ्यायला घरी येऊन गेले. काका झोपाळ्यावर ओठ मिटून बसलेले असायचे, हातवारे करायचे, आणि न राहवून घशातून हुंकार द्यायचे. त्यांच्याइतकं त्या मौनात दुसरं कुणी सोसलं नसेल. आणि काकूंइतकं कुणी उपभोगलं नसेल. त्या बोलू लागल्या. जेवताना, भाजी निवडताना, झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून. माहेरच्या गोष्टी, नणंदेने मोडलेली कपबशी, काकांनी मुलाच्या बारशाला केलेला घोळ, सगळं सविस्तर. वर माझ्यापर्यंत ऐकू यायचं. मधून मधून त्या विचारायच्या, "बरोबर ना?" आणि उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "व्रत फार चांगलं असतं हो. घरात शांती नांदते."

दातांचा रंग ठरवायला आम्ही गेलो तो दिवस मी कधी विसरणार नाही. डॉक्टर मेघाने दातांच्या छटांची एक माळ काढली आणि एकेक काकांच्या ओठाशी धरून बघू लागली. काकांनी बोट ठेवलं ते सगळ्यात पांढऱ्यावर. तिने त्यांना आरसा दिला. "अंकलजी, बाकी के भी देख लो."

काकांनी आरशात पाहिलं. मला वाटतं, इतकी वर्षं ते दात दाखवत आले होते, पण स्वतः नीट बघितले नव्हते. चहा, सुपारी आणि कात यांनी त्यांचा जो रंग झाला होता त्याला माळेत नावच नव्हतं. पांढरा बसवला तर पहिल्या हसण्यात बिंग फुटणार. त्यांनी माळेच्या अगदी शेवटचा, मळका पिवळा दात निवडला आणि म्हणाले, "याच्याहून थोडा खराब मिळेल का?"

ब्रिज तयार होऊन आला. डॉक्टर मेघाने तो फक्त टेकवून दाखवला. रंग हुबेहूब, ठेवण सुबक. ती खूश, मी खूश. काकांनी आरसा फिरवून फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"टवका कुठंय?"

"कौन सा टवका?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यात तो मूळ दात होता. तारेचा टवका त्यांनी तिला बोटाने दाखवला. त्याच दातावर, त्याच कोपऱ्यात, तेवढाच हवा.

डॉक्टर मेघा माझ्याकडे वळली. "मॅडम, सब लोग टूटा हुआ ठीक करवाने आते हैं. हे पहिले आहेत जे ठीक केलेला तोडायला सांगतायत." पण मुलगी गुणी होती. तिने ब्रिज परत पाठवला आणि तो टवक्यासकट होऊन आला. पक्का बसवून झाल्यावर तिने एकच पथ्य सांगितलं. "सब खाओ, अंकलजी. बस, गन्ना दातों से नहीं छीलना. कभी नहीं. खिंचाव पड़ा तो चारों साथ में बाहर आएँगे, और बगल वाले भी जाएँगे."

काकांनी मान डोलावली. दसऱ्याला त्यांनी मौन सोडलं. चातुर्मास संपायला अजून अवकाश आहे, असं काकूंनी लक्षात आणून दिलं, तेव्हा गुरुजींनी सूट दिली म्हणून सांगितलं. कोणत्या गुरुजींनी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. पण काकूंचा चेहरा जरा पडला होता, हे मी पाहिलं.

पुन्हा पायरी, पुन्हा दातुण, पुन्हा देशपांड्यांचा ग्लास. टवका दाखवणंही सुरू झालं, जुन्या तारेसकट. मी माझी दाढ बरी झाल्याचं जाहीर केलं. आणि दिवाळी संपता संपता रस्त्यावर उसाचे भारे येऊन पडू लागले.

मी काकांना गाठलं. "काका, यंदा सोलू नका. पाठ दुखते म्हणा."

"पाठीनं सोलतात का, मॅडम?"

"मग आणखी काही सांगा."

त्यांनी दातुण तोंडातून काढलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "बघा, एक वर्ष नाही सोललं तर दुसऱ्या दिवशी देशपांडे विचारेल, ग्लासात कोण झोपलं. त्याचा हक बनतो. मी त्याला कमी बोललोय का? तुटला तर तुटला. पण त्याच्यासमोर हटणार नाही मी." हा माणूस सगळ्या गल्लीदेखत तोंडातून चार दातांचा पूल बाहेर काढणार, आणि तोही पोरांच्या टाळ्यांच्या तालावर, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. वचन दिलं होतं ते दिलं होतं, पण मला ते झेपेना. मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले आणि कसं सांगावं या विचाराने चाचरू लागले.

"काकू, काकांचा ना, म्हणजे त्यांना ना..."

"वरचा ब्रिज," काकू आवळे किसता किसता म्हणाल्या. "चार दातांचा. रंग छान जुळलाय. टवका जरा मोठा झाला, नाही?"

मी स्टुलावर बसले. "तुम्हाला कधी कळलं?"

"पोह्यात पडला त्याच दिवशी. पोहेवाल्याचा फोन आला होता, काकाजी ठीक तो हैं ना म्हणून. आणि नंतर छत्रीबागेतनं यांच्या चुलतभावाच्या सासूचा." त्यांनी किसणी ताटात आपटली. "तो आला त्या संध्याकाळपर्यंत मी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं."

"सगळ्या गल्लीला?"

"मग? न सांगता ठेवलं असतं तर कोणी चुकून विचारून बसलं नसतं का? आता सगळ्यांना माहीत आहे की विचारायचं नाही. पोहेवाला यांच्या बशीत डाळिंब घालत नाही आता."

"आणि देशपांडे?"

"ते म्हणाले, वहिनी, मी या दुःखातून गेलोय, माझ्या तोंडून ब्रसुद्धा निघणार नाही." काकूंनी पुढचा आवळा उचलला. "ऊस मात्र कठीण आहे. बघू."

म्हणजे इतके महिने माझ्या दाढेची चौकशी करणाऱ्या प्रत्येक बाईला दाढ कुणाची हे पक्कं ठाऊक होतं. मी खाल्लेली सगळी खिचडी माझ्या डोळ्यांपुढून गेली. मला राग यायला हवा होता, पण मी आवळे किसायला घेतले.

तुळशीच्या लग्नाची जबाबदारी गल्लीने वाटून घेतली. ऊस आणायचं काम शेजारच्या शर्माजींकडे होतं. त्यांनी सगळी मंडी फिरून इतका बारीक ऊस आणला की मांडव बोरूंनी केल्यासारखा दिसत होता. "भिया, इस बार माल ही ऐसा आया है," ते काकांना सांगत होते. काका स्वतः जाऊन कोपऱ्यावरून मनगटाएवढा जाड, काळपट ऊस घेऊन आले आणि मांडवाला पुढूनच बांधला.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. पोरं मांडी घालून बसली. एरवी या वेळी गल्लीत हसणं-खिदळणं असतं, पण त्या संध्याकाळी मोठी माणसं अशी बसली होती की लग्न तुळशीचं नसून त्यांच्याच एखाद्या मुलीचं आहे आणि मुलाकडचे अजून आलेले नाहीत. काकांनी ऊस उपसला. धोतराला पुसला. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे देशपांड्यांना चक्कर आली. ते खुर्चीत बाजूला कलले आणि "पाणी, पाणी" म्हणाले. नाटकाची आवड त्यांना नसावी, कारण कलण्याआधी त्यांनी चष्मा काढून नीट खिशात ठेवला.

काका जागचे हलले नाहीत. "शर्माजी, त्यांना जरा धरा. ऊस खाल्ला की तरतरी येईल," ते म्हणाले आणि ऊस तोंडाकडे नेऊ लागले. देशपांडे चक्कर विसरून सरळ बसले होते. सगळी गल्ली दातखीळ बसल्यागत बघत होती.

काकू उठल्या. त्यांनी पदर खोचला, काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातातून ऊस काढून घेतला. "तुमचं मौनाचं व्रत झालं," त्या म्हणाल्या, "उद्यापन माझ्याकडे."

आणि त्यांनी तो मनगटाएवढा ऊस दाताने सोलला. शेंड्याशी एकदा कडकन आवाज झाला आणि मग साल एका ओढीत खाली येत गेली, पेरांवर न अडकता, बुडख्यापर्यंत. ती त्यांनी पोरांच्या पुढ्यात टाकली. टाळी वाजवायचं पोरांनाही सुचलं नाही.

काका त्यांच्याकडे बघत राहिले होते. "मालती," ते म्हणाले, "तुला येतं हे?"

"रोज सकाळी दोन दातुणं तोडता. दुसरं मलाच देता ना?"

"मग इतकी वर्षं कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही सोलून देत होता," काकू म्हणाल्या. "मला ते आवडायचं." त्यांनी गुडघ्यावर टेकवून कांडं मोडलं, ताटातली सुरी घेऊन त्याच्या बारीक गंडेऱ्या केल्या आणि पहिली काकांच्या हातावर ठेवली.

काकांनी ती तोंडात टाकली. दाढेखाली धरून हळूहळू चावली, रस गिळला. मग ते गल्लीकडे वळले. मला वाटलं, आता आजोबांचं काहीतरी निघणार. पण त्यांनी अंगठ्याने वरचा ओठ वर केला आणि म्हणाले, "ब्रिज आहे. चार दातांचा. दात पोहे खाताना पडला होता."

राजेंद्र नगरातली माणसं त्या संध्याकाळी जशी वागली, त्याबद्दल माझ्या मनात त्यांना कायमची जागा आहे. "अरे, काय सांगता," शर्माजी म्हणाले. कुणी कपाळाला हात लावला. देशपांड्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, काकांच्या तोंडाशी वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "सुरेख आहे हो. सांगितलं नसतंत तर जन्मात कळलं नसतं." देशपांड्यांचा हात काकांनी धरून ठेवला, बराच वेळ. ग्लासाचं त्यानंतर कधी निघालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला साताऱ्याजवळ नोकरी मिळाली आणि मी इंदूर सोडलं. सामान न्यायला टेंपो आला त्या सकाळी मला खूप वाईट वाटत होतं आणि ते मी काकूंना सांगितलंही. काकू वाटेत खायला दशम्या बांधत होत्या. बाहेर येऊन बघते तर काका टेंपोच्या ड्रायव्हरला चाकाजवळ उभं करून वरचा ओठ उचलून दाखवत होते. ड्रायव्हरने गाल धरला होता. डावीकडचीच दाढ असावी. छत्रीबागेचा पत्ता सांगून झाला होता आणि आता टवका कुठे, कसा, का, हे चाललं होतं. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांचा एक हात ओठात अडकलेला होता, म्हणून दुसरा त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

टेंपो निघाला. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "काकाजी, तो माताजी के भी नकली हैं क्या?"

काकू फाटकाशी उभ्या होत्या. काकांनी ओठ सोडला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उनके असली हैं, भिया. सगळे."